स्टोक मँडेव्हिल : एका पुनर्वसन रुग्णालयाची वाटचाल

‘अपंगांचे पुनर्वसन’ हा शब्दप्रयोग आता आपल्या कानांना परिचयाचा झाला आहे. शासनाच्या योजनांत, सभासंमेलनांच्या ठरावांत आणि संस्थांच्या अहवालांत तो नेहमी आढळतो. परंतु पुनर्वसन म्हणजे नेमके काय, ते कोणी करावयाचे आणि किती काळ करावयाचे, याचा विचार आपल्याकडे फारसा होत नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दोन वेळचे जेवण आणि औषधपाणी मिळाले म्हणजे आपले कर्तव्य संपले, अशी पुष्कळांची प्रामाणिक समजूत असते. ही समजूत किती अपुरी आहे हे ज्या एका रुग्णालयाने जगाला दाखवून दिले, त्या इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयाचा इतिहास येथे थोडक्यात सांगावयाचा आहे. समाजकार्य, परिचर्या किंवा वैद्यक यांचे शिक्षण घेणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना तो उपयोगी पडेल, आणि ज्यांच्या घरात असा रुग्ण आहे त्यांना तर विशेषच.

आजार कोणता?

आपल्या पाठीच्या कण्यातून मज्जारज्जू जातो. मेंदूचा हुकूम हातापायांपर्यंत पोचविणे आणि शरीराच्या संवेदना मेंदूकडे नेणे, ही दोन्ही कामे त्याच्याकडे असतात. झाडावरून पडणे, विहिरीत पडणे, बांधकामाच्या परातीवरून खाली येणे, रस्त्यावरील अपघात किंवा बंदुकीची गोळी यांमुळे कणा मोडला आणि मज्जारज्जूला इजा झाली, तर इजेच्या खालचा भाग लुळा पडतो. इजा छातीच्या किंवा कमरेच्या पातळीवर असेल तर दोन्ही पाय जातात. मानेत असेल तर हातही जातात. त्याबरोबर त्या भागातील स्पर्शज्ञान नाहीसे होते आणि लघवी व शौच यांवरील ताबाही सुटतो.

प्राचीन इजिप्तमधील साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या एका वैद्यकीय लेखात या दुखापतीचे वर्णन असून, तिच्यावर उपचार करू नयेत असा निर्वाळा दिलेला आहे. पुढे हजारो वर्षे तोच निर्वाळा कायम राहिला. पहिल्या महायुद्धात मज्जारज्जूला इजा झालेल्या सैनिकांपैकी शंभरात ऐंशीच्या आसपास थोड्याच आठवड्यांत मरण पावत. जे वाचत ते एखाद्या आश्रमगृहाच्या कोपऱ्यात कुजत पडून राहत.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. ही माणसे मज्जारज्जू तुटल्यामुळे मरत नव्हती. ती मरत होती दोन कारणांनी. पहिले कारण शय्याव्रण, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहिल्यामुळे होणाऱ्या जखमा. निरोगी माणूस झोपेतही कूस बदलतो, कारण दाब पडलेली जागा दुखू लागते. या रुग्णाला दुखतच नाही. हाडाच्या उंचवट्यावर कातडी दाबली जाते, तेथील रक्तपुरवठा बंद पडतो, मांस सडते आणि हाडापर्यंत पोकळी होते. दुसरे कारण तुंबलेली लघवी. मूत्राशय रिकामे होत नाही, त्यात जंतू वाढतात आणि ते मूत्रपिंडांपर्यंत पोचतात. या दोन्ही वाटांनी रक्तात विष भिनते आणि रुग्ण दगावतो. म्हणजेच मरणाची कारणे टाळता येण्यासारखी होती. ती टाळण्याचे कष्ट मात्र कोणी घेत नव्हते.

लुडविग गुटमन

हे कष्ट ज्याने घेतले त्या डॉ. लुडविग गुटमन यांचा जन्म ३ जुलै १८९९ रोजी जर्मनीतील अप्पर सायलेशिया प्रांतात एका ज्यू कुटुंबात झाला. हा कोळशाच्या खाणींचा प्रदेश होता. १९१७ साली ते खाणकामगारांच्या रुग्णालयात स्वयंसेवक म्हणून काम करीत असताना पाठ मोडलेला एक धट्टाकट्टा तरुण खाणकामगार तेथे आला. याच्यासाठी फार लिहून ठेवू नका, हा काही आठवड्यांचा सोबती आहे, अशा अर्थाचे त्यांना सांगण्यात आले. पाच आठवड्यांत तो तरुण खरोखरच गेला. हे दृश्य गुटमन यांच्या मनातून पुढे कधी पुसले गेले नाही.

१९२४ साली ते डॉक्टर झाले आणि ब्रेस्लाउ येथे ऑटफ्रिड फोर्स्टर या नामवंत मज्जातज्ज्ञाच्या हाताखाली त्यांनी काम केले. परंतु १९३३ साली नाझी पक्ष सत्तेवर येताच ज्यू डॉक्टरांना सरकारी रुग्णालयांतून काढून टाकण्यात आले. गुटमन यांची विद्या, अनुभव, नावलौकिक यांपैकी काहीच विचारात घेतले गेले नाही. त्यांचा जन्म तेवढा पाहिला गेला. माणसाची योग्यता जन्मावरून ठरविणारी व्यवस्था समाजाचे किती नुकसान करते, हे आपल्या वाचकांना वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

गुटमन ब्रेस्लाउच्या ज्यू रुग्णालयात काम करू लागले. ९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री जर्मनीभर ज्यूंची घरे, दुकाने आणि प्रार्थनामंदिरे जाळण्यात आली. त्या रात्री आश्रयाला येईल त्या प्रत्येकाला, काहीही न विचारता, दाखल करून घ्या असा हुकूम गुटमन यांनी दिला. दुसऱ्या दिवशी गुप्त पोलीस आले तेव्हा ते एकेका खाटेपाशी उभे राहून प्रत्येकाचा काही ना काही आजार सांगत गेले. अशा रीतीने दाखल केलेल्या ६४ जणांपैकी ६० जण छळछावणीत जाण्यापासून वाचले. मार्च १९३९ मध्ये पत्नी आणि दोन मुलांसह ते इंग्लंडला पोचले. तेथे ऑक्सफर्डमध्ये त्यांना संशोधनाचे काम मिळाले. पण रुग्ण तपासण्याची खरी संधी मिळण्यास आणखी काही वर्षे जावी लागली.

१ फेब्रुवारी १९४४

लंडनपासून सुमारे साठ किलोमीटरवर बकिंगहॅमशायर परगण्यात एल्सबरी हे गाव आहे. त्याच्या शेजारी स्टोक मँडेव्हिल येथे १८३० च्या दशकात पटकीच्या रोग्यांसाठी एक लहानसे रुग्णालय निघाले होते. दुसऱ्या महायुद्धात तेथे जखमींसाठी बराकी बांधण्यात आल्या. युरोपच्या किनाऱ्यावर मोठी चढाई करावयाची होती, आणि पाठीला जखमा झालेले सैनिक मोठ्या संख्येने परत येणार हे सरकारला दिसत होते. म्हणून अशा रुग्णांसाठी एक स्वतंत्र विभाग काढण्याचे ठरले. या विभागाचे काम घेण्यास फारसे कोणी उत्सुक नव्हते, कारण ज्या रुग्णांचे काही होणारच नाही असे सर्वजण धरून चालतात, त्यांच्यात आयुष्य कोण घालविणार? गुटमन यांनी ते स्वीकारले. अट एकच घातली, की उपचार आपल्या पद्धतीने करू दिले पाहिजेत. १ फेब्रुवारी १९४४ रोजी हा विभाग सुरू झाला. तेव्हा खाटा होत्या सव्वीस आणि रुग्ण होता एक.

उपचाराची पद्धत

गुटमन यांच्या पद्धतीत चमत्कार काहीच नव्हता. तुटलेला मज्जारज्जू तेव्हा जोडता येत नव्हता आणि आजही पूर्ववत करता येत नाही. त्यांनी केले ते असे :

पहिली गोष्ट, रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलावयाची. दिवसा आणि रात्रीही. रात्री दोन वाजता आणि चार वाजताही. पुष्कळ रुग्ण दुसऱ्या रुग्णालयांतून अंगभर प्लास्टर घालून येत. ते प्लास्टर काढले की आत जखमा सापडत. गुटमन यांनी प्लास्टर बंद केले आणि मऊ गाद्या व उशांच्या आधाराने रुग्णाला ठेवण्यास सुरुवात केली. रात्रपाळीचे लोक कूस बदलतात की नाही हे पाहण्यासाठी ते स्वतः मध्यरात्री वॉर्डात येत. सेवकवर्गाला ही शिस्त जाचक वाटे. पण जखमा भरून येऊ लागल्या तसा विरोध मावळला.

दुसरी गोष्ट मूत्राशयाची. त्या वेळी पोटाला छिद्र पाडून कायमची नळी बसविण्याची प्रथा होती. ती बाजूला ठेवून ठराविक तासांनी, हात न लावता निर्जंतुक पद्धतीने नळी घालावयाची, मूत्राशय रिकामे करावयाचे आणि नळी काढून घ्यावयाची, अशी रीत त्यांनी घालून दिली. सुरुवातीला हे काम डॉक्टरच करीत. १९६६ साली गुटमन आणि त्यांचे सहकारी हान्स फ्रँकेल यांनी ४७६ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. पुढे १९७२ साली अमेरिकेत जॅक लॅपिडीस यांनी दाखवून दिले की रुग्णाने साबणाने हात धुऊन, स्वच्छ नळीने हे काम स्वतः घरी केले तरी चालते. त्यामुळे ही पद्धत गरिबाच्या घरातही शक्य झाली.

तिसरी गोष्ट धोक्याच्या सूचनेची. १९४७ साली गुटमन आणि डेव्हिड व्हिटरिज यांनी असे दाखविले की ज्या रुग्णाची इजा छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत आहे त्याचे मूत्राशय तुंबले तर रक्तदाब एकदम चढतो. रुग्णाचे डोके ठणकते, चेहरा लाल होतो आणि घाम सुटतो. अशा वेळी डोकेदुखीची गोळी देत बसू नये. रुग्णाला उठवून बसवावे, नळी दुमडली किंवा तुंबली आहे काय हे पाहावे, मूत्राशय रिकामे करावे आणि आराम पडत नसेल तर ताबडतोब रुग्णालयात न्यावे.

पेनिसिलीन हे औषध त्याच सुमारास मिळू लागले होते व त्याचाही मोठा उपयोग झाला. तरी मुख्य श्रेय नियमितपणे हाताने केलेल्या सेवेचेच होते.

जगला, पुढे काय?

रुग्ण जगू लागले तेव्हा नवा प्रश्न उभा राहिला. वीस-बावीस वर्षांचा तरुण आता मरणार नाही हे नक्की झाले. पण त्याने आयुष्यभर करावयाचे काय? गुटमन यांचे उत्तर असे होते, की त्याने काम करावयाचे, कर भरावयाचा आणि आपल्या गावात, आपल्या घरात राहावयाचे. त्यांना जिवंत माणसांचे गोदाम नको होते. रुग्णालयातच सुतारकाम, घड्याळदुरुस्ती, टंकलेखन यांचे वर्ग सुरू झाले. रुग्ण मागे लागला की आज पडून राहू द्या, तरी त्याला सोडण्यात येत नसे. रुग्ण त्यांच्यावर चिडत आणि त्यांना लाडाने ‘पॉपा’ही म्हणत.

दंडांत बळ यावे, तोल सावरता यावा आणि मनाची उभारी टिकावी म्हणून खेळ आले. लष्करातील एका व्यायामशिक्षकाच्या मदतीने चाकांच्या खुर्चीवरून पोलो सुरू झाला. तो फारच धसमुसळा ठरल्याने बंद करावा लागला. त्यानंतर नेटबॉल, बास्केटबॉल आणि तिरंदाजी हे खेळ रुजले. तिरंदाजी निवडण्यामागे हेतू होता. तीत पाठीचा वरचा भाग आणि दंड बळकट होतात, शिवाय खुर्चीवरचा माणूस धडधाकट माणसाच्या बरोबरीने उतरू शकतो.

२९ जुलै १९४८ रोजी लंडनमध्ये ऑलिंपिक सामन्यांचे उद्‌घाटन झाले. त्याच दिवशी स्टोक मँडेव्हिलच्या हिरवळीवर १४ पुरुष आणि २ स्त्रिया अशा १६ अपंगांनी तिरंदाजीची स्पर्धा खेळली. १९५२ साली हॉलंडचे खेळाडू आले आणि ही स्पर्धा आंतरराष्ट्रीय झाली. १९६० साली ती रोमला, ऑलिंपिकच्या पाठोपाठ, भरविण्यात आली. तेथे २३ देशांचे सुमारे ४०० खेळाडू होते. राहण्याच्या इमारतींना जिने होते, तेव्हा इटलीच्या सैनिकांनी खेळाडूंना खुर्चीसह उचलून वर नेले. याच स्पर्धेला पुढे पॅरालिंपिक हे नाव मिळाले. रोममध्ये तिरंदाजीचे सुवर्णपदक मिळविणाऱ्या मार्गारेट मॉन या शिक्षिकेचा कणा आदल्याच वर्षी आफ्रिकेतील मोटार अपघातात मोडला होता, आणि त्या स्टोक मँडेव्हिलच्याच रुग्ण होत्या. २०१२ साली लंडन पॅरालिंपिकची ज्योत पेटविण्याचा मान त्यांना मिळाला.

आपला मराठी धागा

या रुग्णालयाच्या कार्याशी आपल्या महाराष्ट्राचाही संबंध येतो. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूर येथे १९४४ साली जन्मलेले मुरलीकांत पेटकर सैन्यात होते व नामांकित मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या. एक गोळी कण्यात बसली आणि कमरेखालचे शरीर निकामी झाले. रुग्णालयात असताना व्यायाम म्हणून ते पोहू लागले. १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्ग येथे गुटमन यांच्या संघटनेने भरविलेल्या स्पर्धांत, ज्या तोवर मज्जारज्जूला इजा झालेल्यांपुरत्याच होत्या, त्यांनी ५० मीटर पोहण्याची शर्यत ३७.३३ सेकंदांत जिंकली. पॅरालिंपिकमधील भारताचे हे पहिले सुवर्णपदक होय. या पराक्रमाची दखल घेण्यास आपल्याला मात्र फार वेळ लागला. पद्मश्री त्यांना २०१८ साली मिळाली.

आपल्या देशात मुंबईला हाजीअली येथे पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था १९५५ साली निघाली. वेल्लोरला डॉ. मेरी व्हर्गीस यांनी १९६६ साली पुनर्वसन संस्था उभी केली. त्या स्वतः १९५४ च्या मोटार अपघातात कण्याला इजा होऊन चाकांच्या खुर्चीवर आल्या होत्या आणि खुर्चीत बसूनच कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया करीत असत. पुण्याजवळ खडकी येथे जखमी सैनिकांसाठी १९७४ साली पुनर्वसन केंद्र सुरू झाले.

देणगी आणि देखरेख

गुटमन १९६६ साली निवृत्त झाले. त्याच वर्षी त्यांना ‘सर’ ही पदवी मिळाली. १९६९ साली राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते तेथे अपंगांचे क्रीडागृह खुले झाले. १८ मार्च १९८० रोजी गुटमन यांचे निधन झाले. तोपर्यंत युद्धकाळातील लाकडी बराकी मोडकळीस आल्या होत्या आणि विभाग बंद पडतो की काय अशी स्थिती होती. तेव्हा जनतेकडून सुमारे एक कोटी पौंड जमविण्यात आले व १९८३ साली नवी इमारत उभी राहिली.

इतिहास सांगताना त्यातील काळी बाजूही सांगितली पाहिजे. या निधीचा प्रमुख प्रवर्तक जिमी सॅव्हिल हा दूरदर्शनवरील प्रसिद्ध कलावंत होता. त्याला रुग्णालयात कोठेही, केव्हाही फिरण्याची मुभा होती. त्याच्या मृत्यूनंतर, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चौकशी अहवालात असे निष्पन्न झाले की त्याने या रुग्णालयात अनेक वर्षे सुमारे ६० जणांवर लैंगिक अत्याचार केले. त्यांत रुग्ण आणि लहान मुलेही होती. त्या काळी झालेल्या तक्रारी कोणी मनावर घेतल्या नव्हत्या. जो माणूस अंथरुणावरून उठू शकत नाही त्याचे रक्षण करणे हे रुग्णालयाचे पहिले काम. ते देणगीदाराच्या मोठेपणापुढे मागे पडले. सेवाभावी संस्था चालविणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानात ठेवावे. देणगी कितीही मोठी असली तरी वॉर्डाची किल्ली देणगीदाराच्या हाती देऊ नये, आणि दुबळ्याची तक्रार लहान म्हणून टाकून देऊ नये.

आपण काय करू शकतो?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या माहितीनुसार जगात दीड कोटीहून अधिक लोक मज्जारज्जूच्या इजेसह जगत आहेत. आपल्या देशात उंचावरून पडणे आणि रस्त्यावरील अपघात ही तिची मोठी कारणे आहेत. बांधकामावरचे मजूर, झाडावर चढणारे, हमाल आणि वाहनचालक यांना हा धोका अधिक, आणि हे सारे आपल्याच वस्तीतील लोक आहेत. घरातील कमावता माणूस असा पडला की मुलाची शाळा सुटते व घर कर्जात बुडते. म्हणून काही साध्या गोष्टी सर्वांना माहीत असाव्यात.

उंचावरून पडलेल्या माणसाला काखेत आणि पायाला धरून उचलू नये, बसवूही नये. मान व पाठ सरळ ठेवून, तीन-चार जणांनी मिळून त्याला लाकडी ओंडका वळवावा तसे एकसंध वळवून फळीवर घ्यावे. अनेकदा अपघातात न तुटलेला मज्जारज्जू आपल्या घाईने तुटतो.

रुग्ण घरी आल्यावर दर दोन तासांनी कूस बदलावी. घरातील एकट्या बाईवर हे काम टाकू नये, पाळ्या लावाव्यात. दररोज आरशात किंवा दुसऱ्याकडून पाठ, माकडहाड, कुल्ले व टाचा तपासून घ्याव्यात. लाल डाग दिसला की त्या जागेवर पुन्हा दाब पडू देऊ नये. खुर्चीत बसणाऱ्याने थोड्या थोड्या वेळाने हातावर भार देऊन अंग उचलावे. लघवीची पद्धत डॉक्टरांकडून नीट शिकून घ्यावी, आणि मूत्रपिंडांची तपासणी, तक्रार नसली तरी, ठरलेल्या काळाने करीत राहावी. स्टोक मँडेव्हिलने रुग्णाला घरी पाठविले पण त्याला वाऱ्यावर सोडले नाही. तपासणीसाठी तो आयुष्यभर परत येत राहिला. दीर्घकालीन सेवा म्हणतात ती हीच.

अपंगांच्या हक्कांचा कायदा आपल्याकडे १९९५ साली झाला. त्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. त्याच्या जागी आलेल्या २०१६ च्या कायद्यात ते २१ आहेत. प्रमाणपत्र, शिक्षण, नोकरीतील राखीव जागा यांची तरतूद त्यात आहे. आपल्या विद्यार्थ्यांनी वस्तीतील एकेका अपंगाची कागदपत्रे पूर्ण करून देण्याचे काम अंगावर घेतले तरी ते मोठे काम होईल. आपल्या सभागृहाला, वाचनालयाला चाकांची खुर्ची वर जाईल असा उतार आहे काय, हेही एकदा पाहावे. नसेल तर तो बांधण्यास फार खर्च येत नाही.

सव्वीस खाटांच्या एका बराकीत, एका निर्वासित डॉक्टरने आणि नावे कोठेही न नोंदलेल्या परिचारिका व सेवकांनी, हजारो वर्षांचा एक निर्वाळा खोटा ठरविला. त्यांच्याजवळ जगावेगळे यंत्र नव्हते. माणूस वाचविण्यायोग्य आहे असे त्यांनी आधी मानले आणि मग दर दोन तासांनी त्याप्रमाणे वागले.